लाल तेलाचे रावसाहेब

आमच्या पुण्यातील प्रत्येक गृहरचना संस्थेत एक गृहस्थ असा असतोच की, ज्याला नोकरीतून निवृत्त करण्याचा अधिकार सरकारला असला, तरी चौकशीच्या कामातून निवृत्त करणे प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही साधत नाही. अशा गृहस्थास सारेजण रावसाहेब म्हणतात. हयातभर इतरांच्या मिसली तपासल्यानंतर आता त्यांच्या तपासणीखाली आली आहे ती मुलाने घेऊन दिलेली, क्लचचे पेडल नसलेली, आपले गिअर आपणच बदलणारी मोटार.

इंजिनाचे तेल कोणीही पाहतो, असे म्हणून ती बाब त्यांनी गॅरेजवर सोडली आहे. गिअरपेटीतले लाल तेल मात्र खास आपल्या अखत्यारीत ठेवले आहे. वंगण देणे, उष्णता वाहून नेणे, आतील क्लचांना दाब पुरविणे आणि इंजिनाची शक्ती चाकांकडे पोहोचविणे अशी चार खाती एकाच पगारात सांभाळणाऱ्या कारकुनाकडे पाहावे, तशा ममतेने ते या तेलाकडे पाहतात. १९७०च्या सुमारास बंदी येईपर्यंत अमेरिकेत या तेलात देवमाशाचे तेल मिसळीत, ही माहिती ते नव्या सभासदास पहिल्याच भेटीत पुरवितात, आणि तो कट्टर शाकाहारी निघाल्यास विशेष समाधान पावतात.

तपासणीस सपाट जागा लागते. आणि पाणसळ लावून पाहता, साऱ्या आवारात तशी जागा केवळ सेक्रेटरींच्या पार्किंगपुरतीच असल्याचे सिद्ध झाल्याने, त्यासंबंधीचा पत्रव्यवहार अद्याप चालू आहे. इंजिन चालू, हातब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, अशा स्थितीत गिअरचा दांडा प्रत्येक खुणेवर क्षणभर थांबवीत पुन्हा ‘पी’वर आणायचा आणि मग डिपस्टिक काढून, पुसून, पुन्हा घालून पातळी वाचायची, असा त्यांच्या गाडीच्या पुस्तकाचा हुकूम आहे. दुसऱ्या कंपनीच्या गाडीत हेच काम इंजिन बंद करून होते, कित्येक नव्या गाड्यांत तर डिपस्टिकच नसते. म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवास ते कवडीची किंमत देत नाहीत. पुसायला कापसाचा बोळा पुढे करणाऱ्या वॉचमनला, एक धागा आत गेला तर झडपा कशा अडतात, हे अर्धा तास ऐकावे लागले. शेवटी एक थेंब पांढऱ्या कागदावर उतरतो. लाल असेल तर ‘ठीक’, तपकिरी होऊन करपल्याचा वास मारू लागला तर ‘बदलावे’, असा शेरा मारून तो कागद तारखेनिशी रजिस्टरात डकविला जातो.

बदलाच्या दिवशीचा बंदोबस्त तर पाहण्यासारखा. चाकांना ठोकळे, गाडीखाली पोलादी घोड्या. जॅक हा उचलण्यासाठी, भार पेलून धरण्यासाठी नव्हे, असे बजावून ते गाडी दोन्ही हातांनी हलवून पाहतात आणि नंतरच खाली शिरतात. या एका बाबतीत त्यांना हसणाऱ्यांची मला कीव येते. त्यांचा दुसरा दंडकही तितकाच शहाणपणाचा: भरण्याचे बूच उघडते याची खात्री पटल्याखेरीज रिकामे करण्याच्या बुचाला हात लावायचा नाही, कारण तेल सांडून गेले आणि वरचे बूच गंजून बसलेले निघाले, तर गाडी जागची हलत नाही. निघालेले तेल मापाने मोजून तितकेच नवे भरले जाते, आणि बुचाच्या चुंबकावरील करडी बारीक पूड ‘नैसर्गिक झीज’ म्हणून मंजूर होते. मात्र बरेचसे जुने तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दडून राहत असल्याने, काही दिवसांनी हाच सोहळा पुरवणी मागणी म्हणून पुन्हा साजरा होतो.

इतक्या निगुतीने राखलेली ही मोटार जाते कोठे, असे कोणी विचारील. मंडईलासुद्धा रावसाहेब रिक्षानेच जातात. परंतु तपासणीपूर्वी तेल चांगले तापलेले असावे लागते, म्हणून त्या दिवशी खडकवासल्यापर्यंत फेरी होते. वहिनींना हे आता पाठ झाले आहे. रजिस्टर टेबलावर दिसले की त्या लुगडे बदलून तयार.

“अहो, तेल तापवायला निघालाच आहात, तर मीही येते. येताना धरणावर कणसं खाऊ.”

“चल,” रावसाहेब म्हणतात, “पण कणसं जाताना. येताना थांबलो, तर तेल निवतं.”