माझ्या नावानं कोण हिंडतंय?

"आगं, तुला पण पत्रिका आली का गं?" माईंनी जाळीपलीकडून हाक मारली तेव्हाच मी ओळखलं, आज स्वयंपाकाला उशीर होणार.

बिबट्या कुत्री उचलायला लागला तेव्हापासून आमच्या दोन घरांमधलं मेंदीचं कुंपण गेलं आणि तारेची जाळी आली. नारायणगावच्या आसपास आता वस्त्यावस्त्यांवर हेच. मेंदीवरून कालवणाची वाटी देता यायची, जाळीतून नुसतं बोलणं जातं. पण ते भरपूर जातं.

पत्रिका मलाही आली होती. माईंच्या थोरल्या पुतण्याच्या नंबरवरून, व्हॉट्सअॅपवर. नाव 'शुभविवाह' आणि शेपटीला 'डॉट एपीके'. पत्रिका म्हणजे फोटो, फार तर पीडीएफ. एपीके म्हणजे आख्खं अॅप, फोनमध्ये बिऱ्हाड थाटणारं. मी ती उघडली नाही, पण भावकीत बऱ्याच घरांनी उघडली असावी, कारण दोन दिवस सगळीकडे एकच चर्चा: लग्न कुणाचं? पुतण्याचा मुलगा सातवीत, मुलगी पाचवीत. एक चुलत सासूबाई तर 'सुपारी फुटली तरी आम्हाला पत्ता नाही' म्हणून रुसूनही बसल्या.

"अन् त्यो बिचारा मान खाली घालून बसलाय," माई म्हणाल्या. "त्याला पण अशीच कुणाची तरी आली व्हती. त्यानं उघडली. फोन म्हणला, मेसेज वाचू का? हा म्हणला, वाच. आता मेसेजात काय असतं? बँकेचा ओटीपी! त्यो यायच्या आधीच तिकडं वाचला जायचा. चाळीतला कांदा विकून आलेलं पैसं खात्यात पडून व्हतं, ते गेलं. वर त्याच्या फोनातल्या सगळ्या नंबरांना त्याच्याच नावानं पत्रिका."

"किती गेले?"

"बरंच."

'बरंच' याच्या पुढे माई जाईनात. आमच्याकडे कांद्याचे पैसे किती आले हे कुणी सांगत नाही, मग गेले किती हे कोण सांगणार? पुतण्याने तर दोन दिवस बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बियाणं आणायला पैसे काढायची वेळ आली तेव्हा बोलला. १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर त्याला पाठ होता, फोन लावताना रिंगच्या जागी सरकार तोच ऐकवत होतं. पण तो फिरवायचा असतो तासा-दोन तासांत, पैसा पुढच्या खात्यात असेपर्यंत. तिथे तो गोठवता येतो. तिथून तो दहा खात्यांत फुटला, कुणी एटीएममधून काढला, की मग तक्रार नुसती कागदावर राहते. माणूस लाजेपायी दोन दिवस गप्प बसणार, हे त्या चोराला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

मी म्हटलं, "माई, यांचा हंगाम तरी बघा. लग्नसराईत पत्रिका, पेरणीच्या तोंडाला पीएम किसानचा हप्ता, आणि चाकणला गाडीवर कामाला जाणाऱ्या पोरांना वाहनाचं चलन. फाईल तीच, नाव वेगळं."

"आमचं टोमॅटो लावायचं साल चुकतं, ह्यांचं काही चुकत न्हाई!"

एवढ्यात दूध घालायला आलेला पोऱ्या किटली ठेवून थांबला. त्याच्याकडे बातमी असतेच. म्हणाला, त्याच्या ओळखीच्या एकाला पोलिसांची नोटीस आली. त्याने काही चोरलं नव्हतं. नुसतं बँकेतलं खातं एका मित्राला 'वापरायला' दिलं होतं, पासबुक, एटीएम कार्ड, सिम सगळं. महिन्याला काही हजार मिळायचे. आता त्या खात्यातून कुणाकुणाचे पैसे फिरले ते त्याला विचारताहेत, आणि तो म्हणतो मला काय माहीत.

"म्हंजी शेत वाट्यानं देतात तसं खातं वाट्यानं?" माईंनी डोळे मोठे केले.

तसंच. आणि हे काही लांबच्या झारखंडातलं नाही. मे २०२४ मध्ये नारायणगावातच पुणे ग्रामीण पोलिसांनी एका मोठ्या इमारतीवर छापा घातला होता. महादेव बेटिंग अॅपचं काम चालायचं. लॅपटॉप, मोबाइल आणि ऐंशी-नव्वद पोरं सापडली. ज्या गावात पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन यात्रेच्या सुपाऱ्या देतात, त्याच गावात भरवस्तीत हा दुसरा फड रंगला होता आणि आम्ही खालून भाजी घेऊन जात होतो. असल्या धंद्याला मशीन लागते त्याहून जास्त लागतात ती दुसऱ्यांच्या नावावरची खाती.

माईंच्या घरातून तात्यांचा आवाज आला. तात्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, पण तास संपलेला नाही. "हे काय नवीन आहे का? १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढं एक कनोजी ब्राह्मण उठला, म्हणाला मीच भाऊ! धरला, कैदेत टाकला. तरी १७७६ ला रत्नागिरीच्या किल्ल्यातून सुटला अन् कोकणात किल्ले घेत निघाला. माणसं जमली त्याच्यामागं! शेवटी त्याच सालाच्या अखेरीला पुण्यात देहदंड. अन् इकडं पार्वतीबाई, खऱ्या भाऊंच्या बायको, नवरा जिवंतच आहे म्हणून कुंकू पुसायला तयार नव्हत्या. लोकांना भाऊ परत यायला हवे होते, म्हणून तोतया चालला."

"त्या मुडद्याला निदान तोंड तरी दाखवावं लागलं," माई म्हणाल्या. "ह्यांना तेबी नको. झेरॉक्स पुरती."

इथे मला ओतूरची गोष्ट आठवली. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेला गेलो होतो. तांदळाच्या पिंडी बघून झाल्या, बाहेर भेळ घेतली. भेळ संपली आणि कागदावर खाली एक बाई दिसायला लागली. आधार कार्डाची झेरॉक्स! फोटो काळपट, पण बारा आकडे स्वच्छ, जन्मतारीख, गाव, सगळं. चिंचेच्या पाण्याने फक्त पिनकोड पुसला गेला होता. तहसीलजवळच्या कुठल्यातरी दुकानातली बिघडलेली प्रत रद्दीत गेली असणार, रद्दी भेळवाल्याकडे. मी तो कागद फाडून टाकला, पण त्या गठ्ठ्यात अजून किती बायका होत्या देव जाणे.

दाखल्याला आधार, गॅसला आधार, सिमला आधार, लॉजवर आधार. आपण तिळगूळ वाटावा तशा प्रती वाटतो. पहिले आठ आकडे झाकलेलं आधार सरकारच्याच संकेतस्थळावर मिळतं, ते बहुतेक ठिकाणी चालतं. प्रतीवर आडवं 'फक्त अमुक कामासाठी' आणि तारीख लिहिता येते. पण काउंटरवरचा माणूस 'असलं चालत नाही' म्हणाला की आपण लगेच दुसरी काढतो. मला राग येतो तो त्या काउंटरचा, चोराचा नंतर.

लाडक्या बहिणीचं तेच झालं. योजना २०२४ च्या जुलैत सुरू झाली. सप्टेंबरात खारघरची एक बाई अर्ज भरायला गेली तर तिच्या आधारावर आधीच अर्ज मंजूर! शोध घेतला तर सातारा जिल्ह्यातला एकजण. बायकोचे वेगवेगळे फोटो आणि दुसऱ्या बायकांचे आधार क्रमांक लावून त्याने तीसच्या आसपास अर्ज भरले, असा गुन्हा दाखल झाला. पुढल्या वर्षी जुलैत बातमी आली की १४,२९८ पुरुष लाडक्या बहिणी होऊन बसलेत. मग ई-केवायसी सक्तीची केली, तर तिची खोटी संकेतस्थळं निघाली.

"मिशीवाल्या बहिणी!" माई एवढ्या हसल्या की जाळी हलली. मग गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तुला एक सांगते, तात्यांना म्हाईत हाय, दुसऱ्या कुणाला न्हाई."

गाई घ्यायला कर्ज काढायचं म्हणून माई बँकेत गेल्या होत्या. साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाले, आजी, तुमचा टीव्हीचा हप्ता थकलाय. माईंनी आयुष्यात हप्त्यावर काही घेतलेलं नाही, भिशीसुद्धा रोखीची. कुठल्यातरी शहरातल्या दुकानातून, कुठल्यातरी फायनान्सकडून, माईंच्या नावाने कर्ज निघालं होतं. नातीने संचार साथी नावाच्या सरकारी साइटवर बघितलं, तर माईंच्या नावावर एक सिमही होतं, माईंना माहीत नसलेलं. ओटीपी तिकडेच जात असणार.

"कागुद दावला त्यांनी. नाव माझं, जन्मतारीख माझी, नंबर माझा. अन् फोटो कुणाचा? लिपिस्टिकवाल्या बाईचा! मी म्हणलं सायेब, ह्यात माझा नथीचा टोचा तरी दिसतोय का?"

पोलिसात अर्ज दिलाय. ते सिम बंद करायला नातीने संचार साथीवरच कळवलं. कर्जाची नोंद काढायला, अशा नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट माहिती कंपनीकडे तक्रार टाकली आहे. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की तीस दिवसांत ती निकालात निघाली नाही तर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई. हे कळल्यावर माईंचा चेहरा जरा खुलला.

"दिसाला शंभर? लाडक्या भणीला महिन्याचं पंधराशे, म्हंजी दिसाला पन्नास. मंग करू दे की उशीर."

"माई, पण नाव खराब राहील ना तोवर."

"ते खरंय." त्यांनी किटलीचं झाकण उघडून दूध बघितलं, बंद केलं. "वसुलीवाल्याचा पुन्हा फोन आला व्हता काल. म्हणला हप्ता भरा. मी म्हणलं, भरीन का न्हाई ते पुढचं पुढं, आधी मला एवढं सांग, माझ्या नावानं घेतलेला टीव्ही केवढ्याचा हाय? त्यो म्हणला, पंचावन्न इंची. आमच्या घरात अजून बत्तीसचाच हाय गं, त्यो बी सोसायटीच्या लाभांशातनं घेतलेला!"