मेंढीमागे दोन सेंट
लोकसहभागाची कला किती स्वस्तात पडते, ते ॲरन कोब्लिन या अमेरिकी कलावंताने २००६ साली दाखवून दिलं. ॲमेझॉनच्या ‘मेकॅनिकल टर्क’ या किरकोळ कामांच्या ऑनलाइन बाजारात त्याने काम टाकलं: डावीकडे तोंड केलेली मेंढी काढा, मजुरी २ सेंट. कशासाठी, ते विचारायचं नाही. अनोळखी लोकांनी माउस फिरवून १०,००० मेंढ्या काढल्या. कुणाची ढगासारखी गुबगुबीत, कुणाची चार काड्यांवर कशीबशी उभी. अख्ख्या कळपाची मजुरी २०० डॉलर! पुढे २० मेंढ्यांचा संच २० डॉलरला विक्रीला आला. हेतू म्हणे ऑनलाइन मजुरांच्या पिळवणुकीकडे लक्ष वेधण्याचा. वेधलं की! नुसतं भाषण ठोकून थांबला नाही बिचारा, प्रात्यक्षिकही करून दाखवलं.