दोनशे एमबीपीएस, तरी चाक फिरतंच

गल्लीतल्या इंटरनेटवाल्याच्या फ्लेक्सवर एमबीपीएसचा आकडा सगळ्यात मोठा. स्पीड टेस्ट लावा, आकडा बरोबर येतो. व्हिडिओ लावा, चाक फिरत बसतं. फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘राउटर बंद करून चालू करा.’

अनेकदा दोष राउटरचा नसतोच.

साइट उघडण्याआधी तिच्या नावावरून आयपी पत्ता शोधावा लागतो. हे काम डीएनएसचं. पॉल मॉकापेट्रिस यांनी 1983 मध्ये ही व्यवस्था मांडली. आज बातमीचं एक पान उघडायचं तरी फोटो, जाहिराती, व्हिडिओ धरून अनेक नावं शोधावी लागतात. तिथेच उशीर झाला, तर दोनशे एमबीपीएस घेऊन करायचं काय?

लहान प्रोव्हायडर काय करतो? सगळ्यांना 8.8.8.8 लावून देतो आणि मोकळा होतो. गूगलची ही सेवा 2009 पासून आहे, चांगली आहे, फुकट आहे. पण महिन्याचं बिल गूगल घेतं का?

स्वतःचा डीएनएस चालवायला अनबाउंडसारखं सॉफ्टवेअरही फुकटच मिळतं. काही हजार ग्राहकांना साधा सर्व्हर पुरतो. एकाने विचारलेला पत्ता साठवला की पुढच्या शंभर जणांना जागच्या जागी उत्तर. दोन यंत्रं ठेवली की एक बंद पडल्यावर गाव अंधारात जात नाही. मग अडतं कुठे?

आळसात.

काही जण उत्साही. मायक्रोटिक राउटरमध्ये ‘अलाउ रिमोट रिक्वेस्ट्स’वर टिक मारतात, फायरवॉल विसरतात. झाला डीएनएस सगळ्या जगाला खुला! हल्लेखोर छोटा प्रश्न पाठवतात आणि मोठं उत्तर भलत्याच्याच अंगावर सोडतात. 2013 मध्ये स्पॅमविरोधी संस्था स्पॅमहाउसवरचा प्रचंड हल्ला अशाच खुल्या सर्व्हरांच्या जोरावर झाला. डीएनएस फक्त आपल्या ग्राहकांपुरता ठेवायचा, एवढा साधा नियम.

आता कॅश, म्हणजे जवळ करून ठेवलेला साठा. लोकप्रिय व्हिडिओ दरवेळी सातासमुद्रापलीकडून का आणायचा? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून सिंगापूरला जाऊन यायला त्यालाही किमान 40 मिलिसेकंद लागतात. मुंबई-पुण्याला दोनेक पुरतात. हे अंतर कुठल्याही प्लॅनने कमी होत नाही.

साठा जवळ हवा, एवढाच उपाय.

पूर्वी स्क्विड नावाचं सॉफ्टवेअर लावून प्रोव्हायडर स्वतःच पानं साठवायचे. एचटीटीपीएस आलं, मजकूर कुलूपबंद झाला, तो मार्ग जवळपास संपला. आजही कुणी ‘सगळं इंटरनेट साठवणारी पेटी’ विकायला आला, तर त्याला एचटीटीपीएसचं विचारा. चहा न पिताच उठेल.

आता साठ्याच्या पेट्या कंपन्याच देतात. नेटफ्लिक्सचं ओपन कनेक्ट 2012 पासून आहे, गूगलचीही अशी व्यवस्था आहे. पेटी फुकट, पण वाहतूक भरपूर असेल त्यालाच. लहानाने काय करावं? घाऊक बँडविड्थ विकणाऱ्याकडे कॅश आहे का, ते करारातच लिहून घ्यावं. जमलं तर मुंबईच्या इंटरनेट एक्स्चेंजवर जोडणी घ्यावी. चार-पाच तालुक्यांतल्या प्रोव्हायडरांनी खर्च वाटून घेतला तर कुणाच्या डोक्यावर डोंगर पडत नाही.

आणि इथेच डीएनएस पुन्हा आडवा येतो. जवळचा साठा निवडताना बऱ्याच कंपन्या बघतात, प्रश्न कुठल्या डीएनएस सर्व्हरकडून आला. गूगलचा डीएनएस ग्राहकाच्या आयपीचा काही भाग पुढे कळवतो, क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.1 गोपनीयतेसाठी सहसा कळवत नाही. असा न कळवणारा डीएनएस दूरचा निघाला तर शेजारी साठा असूनही व्हिडिओ लांबून येतो.

कॅश पुण्यात, ग्राहक पुण्यात, व्हिडिओ मात्र परदेशातून!

सरकारी व्याख्येत 2023 पासून किमान 2 एमबीपीएसला ब्रॉडबँड म्हणतात. वेग मोजला जातो. पत्ता किती वेळात सापडला, साठा किती लांब होता, हे बिलावर कुठे असतं?

म्हणून प्लॅन रिन्यू करण्याआधी दोन प्रश्न विचाराच. डीएनएस तुमचा स्वतःचा आहे का? व्हिडिओचा कॅश कुठल्या शहरात आहे? सरळ उत्तर मिळालं नाही, तर वर्षाचे पैसे एकदम भरू नका.