कृत्रिम बुद्धिमत्तेस, रुजू होण्यापूर्वी

प्रति,
कृत्रिम बुद्धिमत्ता (प्रस्तावित),
छत्रपती संभाजीनगर महानगरपालिका.

विषय : आपण सेवेत रुजू होण्याबाबत.

संदर्भ : 1) महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. 2) राज्य सरकारचा दीडशे दिवसांचा ई-गव्हर्नन्स कार्यक्रम, 2025. 3) ‘पाणी आज येणार की उद्या?’ हा शहरातला नित्याचा प्रश्न.

महोदय/महोदया (लागू नसेल ते खोडावे),

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, आपण येणार हे ऐकून आनंद झाला. राज्य सरकारने 2025 साली कार्यालयांची जी परीक्षा घेतली, तिच्यात संकेतस्थळ, ई-ऑफिस, डॅशबोर्ड यांच्या जोडीला व्हॉट्सअ‍ॅपवरचा चॅटबॉट आणि साक्षात आपणही गुणांचे विषय होता. एकदा गुण ठेवले की ती गोष्ट येतेच. कशासाठी आली, ते नंतर ठरवता येतं.

आमच्या शहराला आपलं नवल वाटणार नाही. एप्रिल 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 पर्यंत निवडणूकच झाली नाही. जवळपास पावणेसहा वर्षं एकशेपंधरा नगरसेवकांचं काम प्रशासकांनी एकहाती पाहिलं. ज्याचं दार ठोठावावं असा माणूस नसण्याचा सराव आम्हाला आहे.

माझा अंदाज असा की, आपल्याला आधी पाण्याच्या कामाला लावतील. तिथला ज्येष्ठ अधिकारी म्हणजे लाइनमन. हुद्द्याने नसेल, पण कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आटे फिरवल्यावर टोकाच्या घरी धार पोचते, हे त्याच्याच हाताला माहीत असतं. जायकवाडीत पाणी असतं, फारोळ्यात ते शुद्ध होतं, आणि पुढे कुठे चार-पाच दिवसांनी तर कुठे आठ-दहा दिवसांनी नळाला येतं, अशी या शहराने बरीच वर्षं काढली. डिसेंबर 2020 मध्ये 1680 कोटींची म्हणून भूमिपूजन झालेली नवी योजना पुढे 2740 कोटींवर गेली. आकड्यांत आपला हात धरणारं कोणी नाही म्हणतात, तेव्हा हा हिशेब आपण सवडीने समजून घ्यालच. पण लाइनमनच्या हातातले आटे कोणत्याही फाइलमध्ये सापडणार नाहीत. त्याच्याशेजारी एक उन्हाळा उभं राहावं लागेल. आपल्याला पाय नाहीत ही अडचण आहेच, निदान आपल्याला आणणाऱ्या कंपनीच्या माणसांना आहेत.

आता शिक्षणाचं. आपण जुन्या नोंदी वाचून शिकता म्हणे. सरकारी तक्रार नोंदणीत तक्रारीची शेवटची अवस्था ‘निकाली’ अशी असते. खड्डा बुजला, तक्रार निकाली. खड्डा दुसऱ्या खात्याचा निघाला, तक्रार निकाली. तक्रारदाराने फोन उचलला नाही, तरी निकालीच. अशा हजारो नोंदी वाचून आपण काय शिकणार? तक्रार मिटवण्याचा सर्वांत झटपट उपाय म्हणजे ती बंद करणं, एवढंच. मग आपण सेकंदाला पाचशे तक्रारी बंद कराल, डॅशबोर्ड हिरवागार होईल आणि आपला सत्कार होईल.

ज्यांनी तक्रारच केली नाही, त्यांच्याविषयी तर आपल्याला काही कळणारच नाही. सिडकोतले निवृत्त गृहस्थ सकाळच्या चहाबरोबर अ‍ॅपवर तीन तक्रारी टाकतात. गुंठेवारी वसाहतीतली बाई टँकरमागे घागर घेऊन पळत असते, तिला फोटो काढून ‘अपलोड’ करायला तिसरा हात नसतो. आपण नकाशा रंगवाल तेव्हा गृहस्थांचा भाग लालबुंद दिसेल आणि बाईची वसाहत सुखी दिसेल. पुढच्या वर्षीचा निधी लाल भागाकडे वळेल, तोही अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीने.

गुंठेवारीचं आणखी एक सांगून ठेवतो. 2001 चा कायदा आहे, 2021 साली त्यात दुरुस्ती होऊन डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित होण्याची वाट मोकळी झाली. तरी कित्येकांचा व्यवहार बाँडवरचा, सातबारा सामाईक, कराच्या पावतीवर वारलेल्या आजोबांचं नाव. उपग्रहाच्या चित्रात आपल्याला मोकळ्या जमिनीवर पत्रे दिसतील आणि आपण ‘अतिक्रमण’ असा शिक्का माराल. आजोबांचं नाव एका कागदावर ‘शेख’, दुसऱ्यावर ‘शेक’ असेल तर ती दोन माणसं ठरतील. शेजारच्या तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाच्या यंत्रणेने अशाच नोंदी जुळवल्या. तिथे मोटार नसलेल्याच्या नावावर मोटार निघाली आणि रेशन बंद झालं. मोटार आपली नाही हे सिद्ध करायची जबाबदारी अर्थातच मोटार नसलेल्यावर.

आणि आपली भाषा? शासन निर्णयाची नको. ती आम्हालाही येत नाही. शहागंजातला माणूस ‘नल कब आता भाई, आठ दिन हो गये’ असं विचारेल, तेही रोमन लिपीत, स्पेलिंगची पर्वा न करता. त्यावर ‘क्षमस्व, आपला प्रश्न समजला नाही, मुख्य मेनूसाठी 0 दाबा’ असं म्हणणार असाल, तर आधीचा बंद फोन बरा होता. तो निदान खोटी आशा लावत नव्हता.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मी जरा गंभीर होतो. संदर्भ क्रमांक एकमधल्या कायद्याने प्रत्येक अधिसूचित सेवेमागे एक पदनिर्देशित अधिकारी बसवला आहे. मुदत ठरलेली. नाकारायचं तर लेखी कारण द्यायचं. वर पहिलं अपील, दुसरं अपील, शेवटी आयोग. आणि कसूर केली तर 500 ते 5000 रुपये दंड, जो पगारातून वसूल होऊ शकतो. रक्कम मामुली आहे. पण नकाराच्या खाली एक सही आहे, सहीमागे एक पगार आहे आणि पगारामागे एक घाबरणारा माणूस आहे, एवढ्यावर हा सगळा कायदा उभा आहे. आपल्याला पगार नाही. पाचशे रुपये कापायचे कुठून? सर्व्हरची वीज तोडायची? माझी भीती आपल्या हुशारीची नाही. उद्या खिडकीतला साहेब हात वर करून म्हणेल, ‘मी काय करू, सिस्टिमने नाकारलंय,’ ही आहे. हे वाक्य आपल्या आधीपासून प्रचलित आहे. आपण आलात की त्याला शास्त्राचं बळ मिळेल.

नेदरलँड्समध्ये असंच झालं. मुलांच्या पाळणाघराचं अनुदान घेणाऱ्या हजारो पालकांना तिथल्या कर खात्याने लबाड ठरवलं. संशयित निवडणारी यंत्रणा नागरिकत्वही जमेस धरत होती. घरं मोडली, आणि जानेवारी 2021 मध्ये सरकारने राजीनामा दिला. आमच्याकडे राजीनाम्याची अपेक्षा नाही, साधी बदली झाली तरी बातमी होते.

मलिक अंबरने सतराव्या शतकात या गावाला नहर दिली. पाणी जमिनीखालून, दिसत नसे. पण ठरावीक अंतरावर वरून आत डोकावायला आणि गाळ काढायला जागा ठेवल्या होत्या. आपल्या पोटातही तशा जागा हव्यात. कोणत्या कामासाठी आपल्याला नेमलं, कोणत्या नोंदी खाऊ घातल्या, कंत्राट कोणाचं आणि चुकलात तर कोणाला गाठायचं, हे झोन कार्यालयाच्या फळ्यावर खडूने लिहिलं तरी चालेल. अ‍ॅमस्टरडॅम शहराने 2020 मध्ये अशी नोंदवही सर्वांसाठी खुली केली. आम्हाला फळाही पुरेल.

तेवढं झालं की खुशाल या. गळती कुठे आहे ते दाब मोजून सांगा. टँकरचे मार्ग आखा. एकाच खड्ड्याच्या चाळीस तक्रारी एकत्र बांधा. करमागणीची नोटीस आम्हाला समजेल अशा भाषेत, उर्दूतही, लिहून द्या. आपण ‘हो’ म्हणायला आमची ना नाही. ‘नाही’ मात्र माणसाने म्हणायचं, नाव लिहून, सही करून.

या पत्राची पोच मिळावी. पोचेवर आवक क्रमांक, तारीख आणि पत्र घेणाऱ्या माणसाचं नाव असावं. ‘आपली विनंती यशस्वीरीत्या नोंदवली गेली आहे’ ही पोच धरली जाणार नाही.

आपला,
एक मालमत्ताधारक, गारखेडा परिसर

प्रत माहितीस्तव : लाइनमन (समक्ष देण्यात येईल, व्हॉल्व्हपाशी).