शेवटचं एक मिनिट

स्लेयर या हेवी मेटल बँडचा ‘रेन इन ब्लड’ हा 1986 चा अल्बम जेमतेम 29 मिनिटांचा. इतका आटोपशीर, की मूळ कॅसेटवर तो दोन्ही बाजूंना अख्खाच्या अख्खा भरला होता. मला या आकड्याचं महत्त्व वेगळंच होतं. आमच्या घरातल्या आरत्यांच्या कॅसेटची एक बाजू बरोबर 30 मिनिटांची होती.

नव्वदच्या दशकातलं डोंबिवली. कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते आणि गणपती जाऊन दोन महिने झाले होते. कॅसेटच्या कडेची तोडलेली खाच सेलोटेपने बुजवली, की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग करता येतं, ही विद्या एका मित्राने दिली. दोन कॅसेटींचा डेकही त्याचाच. आरत्यांवर स्लेयर चढला. पुढच्या भाद्रपदापर्यंत आईला पत्ता लागणार नव्हता. घोळ एवढाच झाला, की 29 मिनिटं सैतान आणि डबल बासचा धुमाकूळ संपून अल्बमच्या शेवटी वाजणारा पाऊस पडून गेला, की जराशी खरखर व्हायची आणि उरलेल्या मिनिटात टाळांसकट मंत्रपुष्पांजली सुरू व्हायची.

आमचं एकूण बंडच तसं. घरच्यांना विचारून आणि परतीचं तिकीट काढून केलेलं. धोबीतलावला रंगभवनात, उघड्या आभाळाखाली ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचा. 1986 पासूनचा हा मेळा, आमची पंढरीच म्हणा. मी आयर्न मेडनचा काळा टी-शर्ट घालून निघालो, तेव्हा आईने एवढंच विचारलं, “आज संक्रांत आहे का?” टी-शर्टवरच्या एडीकडे, म्हणजे त्या दात विचकणाऱ्या सांगाड्याकडे, तिने पाहिलं आणि डबा हातात दिला.

तिथे मान तुटेस्तोवर हलवली. धक्काबुक्कीत खाली पडलो, तर छातीवर कवटी मिरवणाऱ्या एका दाढीवाल्याने बखोट धरून उठवलं, माझा चष्मा शोधून दिला आणि “लागलं का?” म्हणून विचारलं. डोंबिवली फास्टमध्ये एवढं कोणी करत नाही. दुसऱ्या दिवशी मान शेकता शेकता आई म्हणाली, “उशी बदलू या का रे तुझी?” पुढे काही वर्षांनी, शेजारी हॉस्पिटलं आणि कॉलेज असल्यामुळे, शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवनचे कार्यक्रम बंद पडले. आईच्या मते हे शहाणपण फार उशिरा सुचलं.

बाबांचा विरोध मात्र तांत्रिक होता. ते एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये. “हेवी मेटल म्हणजे शिसं, पारा. हे काय?” असं म्हणून ते टेपचं बटण दाबायचे. दिवसभर पत्र्याचा खणखणाट ऐकून आलेल्या माणसाला घरी पुन्हा तेच, आणि तेही हौसेने लावलेलं!

एकदा एका रॉक मासिकात मी ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीची हकिगत वाचली आणि जेवताना सांगितली. बर्मिंगहॅमचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. 17 वर्षांचा होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, तारा दाबायचा हात तोच. मग त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं. पुढे बोटांना सोसावं म्हणून गिटारच्या ताराही ढिल्या केल्या, आणि आवाज खोल, जड होत गेला.

बाबांचा घास हातातच राहिला. “मशीनला गार्ड नव्हतं का?” त्यांनी विचारलं.

मला काय ठाऊक! ते बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत होते.

त्या रविवारी मी स्लेयर लावला. बाबा पेपर वाचत होते. उठले नाहीत. 29 मिनिटं त्यांनी सोसली. मग पाऊस पडला, खरखर झाली आणि मंत्रपुष्पांजली सुरू झाली.

माझा जीव घशात आला. बाबांनी पेपर बाजूला ठेवला, सवयीने हात जोडले, आणि संपल्यावर म्हणाले, “शेवट बरा केलाय त्यांनी.”