काढा आणि गोळी

सिंगापूरच्या सरकारी वसाहतीत कुठल्याही ब्लॉकमध्ये घर घ्या, मजल्यावर असे एक तरी अंकल भेटतातच. वय सत्तरीपुढे, मधुमेह मुरलेला, साथीला गुडघे. दुखणी एका माणसाची, पण त्यांचे संसार दोन: एक पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरीणबाईंकडे, दुसरा बाजारातल्या सिन्सेकडे, म्हणजे चिनी वैद्याकडे.

आमच्या अंकलचं मत पक्कं आहे. "वेस्टर्न औषध फांद्या छाटतं, चायनीज औषध मूळ उपटतं." हे मूळ उपटण्याचं काम मी इथे राहायला येण्याआधीपासून चालू आहे.

सकाळी न्याहारीनंतर मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी. मग दोन तास थांबायचं, कारण दोन औषधांची पोटात गाठ पडता कामा नये, हा इथला सर्वमान्य नियम. मग मातीच्या भांड्यात तीन वाट्या पाणी आटवून एक वाटी काढा. साखरेच्या काढ्यात हुआंगछी मुळाच्या पिवळट चकत्या, खोकल्याच्या काढ्यात सिकाडा किड्यांच्या कोरड्या काती. वासानं लिफ्टपर्यंतचा व्हरांडा भरतो. काढा घशाखाली गेला की तोंडाची चव बदलायला हॉ फ्लेक्सच्या गोड गुलाबी चकत्या. साखरेचा काढा निमूट प्यायल्याचं बक्षीस म्हणून साखर!

अंकल बंदरातल्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. साखर उतरली की जमा काढ्याच्या खात्यावर, चढली की नावे गोळीच्या. ड्युरियन दोन्ही खात्यांत नाही. ते 'हीटी', म्हणून वर 'कूलिंग' मँगोस्टीन खायचं, की हिशेब मिटला.

पण त्यांचं सिन्सेकडचं मन मला कळतं. पॉलिक्लिनिकमध्ये पडद्यावर नंबर लागतो, डॉक्टरीणबाई संगणकाकडे बघून तीन महिन्यांची सरासरी साखर सांगतात, की पुढचा नंबर. सिन्से दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून डोळे मिटतो, जीभ बघतो, झोप, शौच, स्वप्नं, सगळं विचारतो. पॉलिक्लिनिकमध्ये अंकलच्या रक्ताची चौकशी होते, सिन्सेकडे अंकलची.

एकदा मात्र हद्द झाली. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ करणारं वॉर्फरिन सुरू झालेलं, आणि अंकल हृदयाच्या बळकटीला दानशेन ही चिनी मुळी मागायला निघाले. ही दोन एकत्र आली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिथे दोन तास थांबून भागत नाही. अडवलं कुणी? सिन्सेनंच. गोळ्यांची यादी मागितली, नकार दिला आणि वर रक्ताचा रिपोर्ट आणायला सांगितलं. चिनी वैद्यांसाठीच्या २००० च्या कायद्याखाली नोंदणी झालेला माणूस तो. अंकल आठवडाभर घुश्शात होते. "हा पण वेस्टर्न झाला!"

वादात त्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे २०१५ चं नोबेल. शास्त्रज्ञ तू योयो बाईंना चौथ्या शतकातल्या चिनी ग्रंथात इशारा मिळाला आणि त्यातून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हाती आलं. मी म्हणतो, बाईंनी ते ईथर वापरून वेगळं काढलं, चाचण्या घेतल्या, तेव्हा कुठे औषध झालं. "चाचणी घेतली म्हणून काय ते जर्मन झालं?"

जर्मनीचं नाव निघालंच होतं, आणि सिन्से अंकलच्या गुडघ्यांत सुयाही टोचतो, म्हणून मी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली तिथली अ‍ॅक्युपंक्चरची मोठी चाचणी काढली. पाठदुखीचे अकराशेवर रुग्ण. नेमक्या जागी सुया टोचलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना गुण आला. भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना. म्हणजे ती नेमकी जागा, ती ऊर्जेची वाट, सगळं जवळपास निकामी! नुसत्या गोळ्या-व्यायामवाल्यांचं काय झालं, हे मी सांगणार नव्हतो. पण हिशेबनीस ते. त्यांनी विचारलंच.

"२७," मी म्हणालो.

अंकल खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे चिनी सुई चुकीच्या जागी टोचली तरी वेस्टर्नपेक्षा बरी!"

स्वयंपाकघरातून आंटीचा आवाज आला, "मग फी कशाला देता? उद्यापासून गुडघ्यात मीच टोचते. शिवणाची सुई आहे घरात."