गळू द्या थेंबभर

साखर कारखान्यात एक चेअरमन असतो, एक एमडी असतो आणि एक मामा असतो. पहिले दोघे बदलतात. मामांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. हुद्दा फिटर, कानावर खडू, खिशात पॉलिश पेपर आणि पंचांग एकच : भूकंपाआधी आणि भूकंपानंतर. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट उमरग्याकडचं कुणीच विसरलेलं नाही. पण मामा पंपांचं वयसुद्धा तिच्यावरूनच सांगतात. "ह्यो भूकंपाच्या आदीचा हाय, ह्याला काय बी होत नाय. जे होतंय ते त्या नव्याला."

मी उमरगा तालुक्यातल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. म्हणजे समस्त फिटर जातीचा जन्मजात वैरी.

फेब्रुवारीतली रात्र होती. गाळप भरात, गव्हाणीपुढं उसाच्या गाड्यांची रांग, आणि मळीच्या पंपाचं गॅस्केट फाटलेलं. जमिनीवर मळीच मळी. चपला तिथंच राहत होत्या, माणसं पुढं जात होती. नवे इंजिनिअर साहेब पंपाचं पुस्तक चाळत उभे. मामा आले. पंपाकडं न बघता त्यांनी साहेबांकडं बघितलं.

"काय करलालाव साहेब? पुढचा वाल कुणी बंद केला?"

साहेब काही बोलले नाहीत. मामांना उत्तर मिळालं.

विहिरीवरचा पंप पाणी भिरकावतो. वाट अडवली तर बिचारा आतल्या आत घुसळत बसतो. गिअरच्या पंपाला ही समज नाही. खाचेत भरलेला प्रत्येक घास तो पुढं रेटणारच. वाट बंद आणि रिलीफ वाल चिकटलेला असला की दाब चढत जातो आणि जे सगळ्यांत गरीब असेल ते फाटतं. "माणसांतबी असंच हाय," मामा म्हणाले आणि पाना मागितला.

खोलण्याआधी त्यांनी झाकणावर आणि केसिंगवर पंचानं समोरासमोर दोन ठिपके मारले. झाकण निघालं. आत दोन गिअर, दातांत दात घालून. हेल्पर पोराला मामा समजावू लागले, "ह्या दोघी जावा. एकीला मोटरीचा जोर, दुसरी तिच्या जोरावर फिरती. आता सांग, मळी कुठनं जाती?"

"दोघींच्या मदनं, मामा."

"मदनं फकस्त भांडण जातंय! मळी जाती भाईरनं, भिंतीच्या कडंकडंनं."

1588 साली रामेली नावाच्या इटालियन इंजिनिअरनं यंत्रांच्या ग्रंथात फिरत्या पंपांची चित्रं छापून ठेवली आहेत. मामांनी तो ग्रंथ पाहिलेला नाही आणि रामेलीनं जावा पाहिलेल्या नसाव्यात. फिट्टंफाट.

मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडं वळले. नव्या गॅस्केटला पॅकिंग पेपर! मी स्टोअरकीपरांचा गायत्री मंत्र म्हटला, "मागणी सोलापूरला गेलीय."

मामांना राग आला नाही. त्यांनी पोराला ट्रंक आणायला पिटाळलं. ट्रंकेत लग्नपत्रिका. पंधरा-वीस वर्षांच्या.

"पुढाऱ्याच्या लेकाची नको. लई जाड. झाकणाखाली फट वाढती, मळी मागं सरकती. पंप नुसता फिरतो, काम करीत नाय. हातावरचं पोट असलेल्याची लई पातळ. गिअर झाकणाला घासतंय. मास्तराच्या लेकीची काढ. मास्तर मापात राहतंय."

पत्रिका केसिंगच्या कडेवर ठेवून मामांनी हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं हलके टोले दिले. लोखंडाच्या धारेवर कागद आपोआप कापत गेला. बोल्टच्या भोकांवर एकेक टोला; त्यातल्या एका टोल्यात वराच्या मामांचं नाव उडालं. तेलात बुडवून पत्रिका बसली. खुणेला खूण लावून झाकण चढलं. बोल्ट आवळायचे तेही समोरासमोरचे, थोडे थोडे. प्रत्येक फेरीला शाफ्ट हातानं फिरवून बघायचा. हाताला जे फिरत नाही, ते मोटरीला द्यायचं नाही.

वाल उघडा, पंप चालू. शाफ्टभोवतीच्या ग्लँडमधून थेंब पडू लागला. साहेबांना इतका वेळ करायला काही नव्हतं; ते पाना घेऊन धावले.

"आवळू नका साहेब! गळू द्या थेंबभर. त्या थेंबावर शाफ्ट गार राहतोय. कोरडं केलं तर ग्लँडमधली डोरी जळती, शाफ्ट खातंय. आन मुंग्यांचंबी भागतंय."

साहेबांनी पत्रिकेच्या उरलेल्या तुकड्याची जाडी मोजून वहीत टिपून घेतली. सकाळी ती पुस्तकाशी ताडून पाहिली आणि पुस्तक मिटलं. पुढं ऑफ सीझनला पंपाचं रीतसर 'ओव्हरऑयलिंग' झालं, खरा पॅकिंग पेपरही आला. मामांनी तो हातात धरला, पत्रिकेशेजारी चिमटीत दाबून पाहिला आणि मास्तरांना मनातल्या मनात नमस्कार केला असावा.

दोन वर्षांनी मामा टोपी घालून स्टोअरच्या खिडकीत आले. लेकीचं लग्न. पत्रिका हातात घेतली आणि माझा अंगठा आपोआप तिची जाडी बघू लागला.

"बरूबर हाय," मामा म्हणाले. "छापखान्यात गेज घेऊनच गेलतो. अक्षता पडल्या की टाकून देऊ नका भाऊ. तुमची मागणी अजून सोलापुरातच असंल."